होल्डर काढून दाखवलेल्या साडेबारा व्होल्टवर विश्वास ठेवू नका

सोलापुरात भाजीपाला वाहणाऱ्या एका पिकअपचे हेडलाईट मंद पडले होते. गॅरेजवाल्याने मालकाला तीन खेपांत ८,५०० रुपयांना गंडवलं, आणि मूळ दोष होता तिथेच राहिला. गाळप हंगामात मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोटच्या रस्त्यांवर रात्री बिनारिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या समोर येतात. तिथे मंद लाईट म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या खेपेला इंजिन बंद होतं. गॅरेजवाल्याने बल्बचा होल्डर उपसला, त्यात मीटरच्या पिना खुपसल्या आणि १२.५ चा आकडा दाखवला. "बघा मालक, करंट फुल्ल हाय. वायरिंगला काय झालं नाय. रिफ्लेक्टर गेलंय, सेट बदलावा लागतंय."

इथेच फसवणूक झाली. होल्डर काढला की वायरमधून करंट वाहतच नाही आणि मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली, अर्थ (बल्बमधून पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी जोडणी) गंजलेला असला, तरी मीटरवर पूर्ण व्होल्टेज येतं. ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, दिसतो तो बल्ब पेटलेला असताना. ६०/५५ वॅटचे (अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला ६०, डिपरला, म्हणजे जवळच्या उजेडाला ५५) दोन बल्ब डिपरवर मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. त्या ओझ्याखाली वायर काय करते ते बघायचं असतं.

सेट बदलूनही उजेड वाढला नाही. दुसऱ्या खेपेला १००/९० चे बल्ब बसवले. वायर आधीच दमलेली, त्यात करंट दीडपटीहून जास्त. आठवड्यात एक होल्डर वितळला. तिसऱ्या खेपेला "वायरिंग जळालंय" म्हणून नवीन वायर ओढली. तीही तांब्याची नव्हती. ब्लेडने तार खरवडली तर आतून पांढरी निघाली: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा वायरचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. वायर घेताना दुकानातच एक तार खरवडून बघा.

खरी तपासणी दुसऱ्या जाणकाराने केली. आधी ६०/५५ चे बल्ब परत बसवले. इंजिन चालू, डिपर चालू, होल्डर जागच्या जागी. मीटर २० व्होल्ट डीसीवर. होल्डरच्या मागून वायरच्या कडेने बारीक टाचणी पिनेपर्यंत सरकवली. बॅटरीवर १४.१, बल्बवर ११.२. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत गळत होते.

कुठे गळतात ते दोन मापांत कळतं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी बल्बच्या डिपर पिनेवर: १.१. मग लाल बल्बच्या अर्थ पिनेवर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर: १.८. बेरीज बरोबर जुळली. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की समजायचं तिथे गडबड आहे. काही गाड्यांत स्विच मायनसच्या बाजूला असतो, तिथे आधी वायरिंगचा नकाशा बघावा लागतो. एलईडी हेडलाईटला हा हिशेब तसाच्या तसा लागू होत नाही.

अर्थचा बोल्ट हेडलाईटच्या मागे पत्र्यावर होता. थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंग आणि त्यावर गंजाचा तपकिरी पापुद्रा. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन थिंबल आवळून बसवलं आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. अर्थचा ड्रॉप ०.१ वर आला, बल्बवर १२.८ मिळाले. प्लसचा ड्रॉप मात्र १.१ वरून १.२ झाला. घाबरायचं कारण नाही. बल्बला व्होल्टेज वाढलं की तो करंटही थोडा जास्त घेतो.

मग प्लसच्या बाजूला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला, ८६ ला जुनी डिपरची वायर, ८५ अर्थला. अप्परला वेगळा रिले. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, बल्बचा सगळा करंट त्यातून जात नाही. फ्यूज बॅटरीपासून लांब लावू नका. मधली वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटेल. गाडी वॉरंटीत असेल तर वायर तोडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

शेवटी बल्बवर १३.७. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून ११.२ च्या मानाने हा उजेड जवळपास दुप्पट. सामान हजार रुपयांच्या आत आलं.

गॅरेजमध्ये कोणी होल्डर काढून मीटर लावला तर तिथल्या तिथे म्हणा, "होल्डर बसवा, लाईट लावा, मग मोजा." नकार दिला तर गाडी काढून घ्या. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे बिलावर लिहून मागा, जुने भाग परत मागा. पक्कं बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. या पिकअपवाल्याकडे बिल नव्हतं, आणि त्याचा जुना, धडधाकट हेडलाईटचा सेट पहिल्याच दिवशी गॅरेजवाल्याने ठेवून घेतला होता.