तीन थरांचं हवाबंद पोतं: आठ महिन्यांनंतर

सुगीला चार पोती भरली होती, दोन चवळीची आणि दोन मक्याची. शेवटचं मागच्या आठवड्यात उघडलं, म्हणून आत्ता लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

पोतं दिसायला साधंच. बाहेरून नेहमीचं विणलेलं, आत एकात एक दोन जाड पॉलिथिनच्या पिशव्या. प्रत्येकीचं तोंड वेगळं पिळायचं, दुमडायचं, सुतळीने आवळायचं. औषध नाही, गोळी नाही. धान्याबरोबर आत गेलेले भुंगेरे आणि अळ्याच आतला ऑक्सिजन संपवतात. ते गुदमरून मरतात असं मी धरून चाललो होतो. पण कोरड्या दाण्यात किड्याला पाणी मिळत नाही, ते त्याला स्वतःच्या अंगात तयार करावं लागतं आणि त्यालाही ऑक्सिजनच लागतो. म्हणजे किडा मरतो तहानेने. चवळीसाठी ही पद्धत अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक यांनी कॅमेरूनमध्ये बसवली, 1980 च्या दशकाच्या अखेरीस. 2007 पासून ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत गावोगावी नेली. तिथे लोकांसमोर पोतं भरायचे आणि काही महिन्यांनी त्यांच्यासमोरच उघडायचे. माहितीपत्रक वाटण्यापेक्षा हे बरं. शेतकऱ्याला आधी दाणा हातात घेऊन बघायचा असतो.

चवळीचं पहिलं पोतं पाच महिन्यांनी उघडलं. दाणा जसाच्या तसा, मधे मधे मेलेले भुंगेरे. त्याच राशीतली थोडी चवळी मुद्दाम साध्या पोत्यात ठेवली होती. तिची तिसऱ्या महिन्यातच चाळण झाली, पोतं हलवलं की पीठ उडायचं. एरवी याच भीतीने सगळे सुगीतच माल काढतात आणि भाव पडतो. यंदा मला थांबता आलं. अर्थात देणेकरी दारात उभा असेल तर कुठलंही पोतं कामाचं नाही.

दुसऱ्या पोत्याला उंदीर लागला. बाहेरचं पोतं आणि पहिली पिशवी कुरतडली, आतली शाबूत राहिली. दोन पिशव्या कशाला, हा प्रश्न तिथे मिटला. यातलीच चवळी बियाण्याला वापरली, उगवण चांगली झाली.

मक्यात मात्र मार खाल्ला, आणि चूक माझीच. आभाळ भरून आलं म्हणून अर्धवट वाळलेला माल घाईने भरला. हवाबंद पोत्यातून ओलही बाहेर जात नाही. उघडल्यावर आंबूस वास, बुरशीचे गोळे. अख्खं पोतं फेकलं, जनावरांनाही घातलं नाही, कारण बुरशीचं विष त्यांनाही बाधतं. मक्यात ओल 13 टक्क्यांच्या आत हवी. ती मोजायचं यंत्र कोणाकडे असतं? पण कोरड्या बाटलीत मका आणि कोरडं मीठ घालून हलवायचं, थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला. हे मला पोतं फेकल्यावर कळलं. पोत्याबरोबर आधी हेच शिकवायला हवं होतं.

मक्याचं दुसरं पोतं घरखर्चाचं. दर दोन-तीन दिवसांनी तोंड सोडायचं, दोन पायल्या काढायच्या, परत बांधायचं. प्रत्येक वेळी ताजी हवा आत. कीड मेलीच नाही, फक्त जरा उशिरा वाढली. माझी खरी तक्रार इथे आहे. ही सोय माल साठवून विकणाऱ्याला चपखल बसते, पण लहान शेतकऱ्याचं पोतं हीच त्याची बँक आणि हाच स्वयंपाकघरातला डबा. मी आता महिन्याभराचं धान्य एकदम काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

ज्यांनी पोती दिली ते एका हंगामापुरते आले आणि गेले. कुरतडलेली पिशवी बदलायची तर एकटी पिशवी वेगळी मिळत नाही. बाकीच्या पिशव्या फुगवून, दाबून, कानाशी धरून बघितल्या. कुठूनही हवा सुटत नाही. या सुगीला त्याच भरणार, पण आधी मिठाची बाटली.