होंडा प्रील्यूड : नसलेल्या गिअरांची गाडी

आमच्याकडे २०२२ पासून होंडा सिटीची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी आहे. मे महिन्यात नागपूरच्या अजनी चौकाच्या सिग्नलवर पारा ४५ ला टेकलेला असताना इंजिन बंद आणि एसी चालू, या सुखासाठी घेतली आणि आजतागायत पस्तावलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हायब्रिड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही हे लक्षात येईल.

यंदा थंडीत मुलीकडे न्यू जर्सीला गेलो, तो होंडाची नवी प्रील्यूड, दोन दरवाजांची स्पोर्टी गाडी आणि आता हायब्रिड, बघायचीच असं ठरवूनच. २००१ साली बंद झालेलं हे नाव होंडानं २०२५ मध्ये परत आणलं. १९८७ च्या प्रील्यूडची मागची चाकंसुद्धा वळायची, तीही कुठल्या कॉम्प्युटरविना, स्टिअरिंगपासून मागपर्यंत नेलेल्या दांड्यानं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मासिकातून कापलेलं तिचं चित्र माझ्या जर्नलच्या कव्हरवर होतं.

टेस्ट ड्राइव्हला जावई स्टिअरिंगवर, मी शेजारी, सौ. मागे. मागे माणसं बसावीत असं कंपनीला वाटत असेल, तर ती माणसं शाळकरी असावीत. सौ. मान वाकडी करून म्हणाली, "बर्डीच्या शेअर ऑटोत तरी डोकं सरळ राहते!"

पुढे मात्र मौज. सस्पेन्शन सिव्हिक टाइप-आरकडून, म्हणजे होंडाच्याच सिव्हिकच्या तडाखेबंद अवताराकडून आलेलं, पुढचे ब्रेक ब्रेम्बो या नावाजलेल्या ब्रेकवाल्या कंपनीचे. वळणावर गाडी कलत नाही आणि तरी कंबर दुखत नाही. मग जावयानं गिअर बदलल्याचा अनुभव देणारं 'एस प्लस' बटण दाबलं आणि स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल बोटानं ओढलं. समोरचा गिअरचा आकडा उतरला, इंजिनचा आवाज चढला, छानसा हिसका बसला. मला हसूच आलं. कारण हीच व्यवस्था माझ्या सिटीत आहे: इंजिन जनरेटर फिरवतं, चाकं मोटर ओढते, आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर वेग धरला की क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. प्रील्यूडचे ८ गिअर म्हणजे इंजिनचे फेरे मुद्दाम वरखाली करून, स्पीकरमधून आवाज भरून उभा केलेला देखावा. देखावा झकास आहे, पण देखावाच.

परत आल्यावर हे आमच्या गॅरेजवाल्याला सांगितलं. हातातला पाना तसाच धरून तो म्हणाला, "काकाजी, गिअरबॉक्सच नाही म्हणता, त मंग हे गिअर कायचे बदलवते?"

अमेरिकेतल्या गाड्यांच्या परीक्षकांनी जरा सभ्य भाषेत हेच विचारलं. त्यात किंमत ४२,००० डॉलरपासून, म्हणजे साधारण ३७-३८ लाख. ताकद २०० हॉर्सपॉवर. तेवढ्याच ताकदीची, तेच २ लिटरचं इंजिन आणि त्याच मोटरी असलेली सिव्हिक हायब्रिड तिथे जवळपास १० हजार डॉलरनं स्वस्त मिळते, चार दरवाजांसह, आणि तेलही कमी पिते. ज्या टाइप-आरची हाडं हिच्यात घातलीत, तिला ३१५ हॉर्सपॉवर आणि खराखुरा मॅन्युअल गिअर. टोयोटाची जीआर८६ ही स्पोर्ट्स कार तर २२८ हॉर्सपॉवर, मॅन्युअल, आणि पुन्हा स्वस्त. ४२ हजार मोजून ड्रायव्हरची सीट हातानंच पुढेमागे करायची, हे तर मला सिटीतही चालतं, पण ती सिटी आहे. हीच गाडी ३४ हजारांत आणली असती तर खोट्या गिअरांचं लोकांनी कौतुक केलं असतं, असं माझं मत.

जपानात मात्र उलट झालं. महिन्याला ३०० विकण्याचा अंदाज होता, पहिल्या महिनाभरात साधारण २,४०० ऑर्डरी आल्या. घेणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. म्हणजे आमच्याच वयाचे, जर्नलवर चित्र चिकटवणारे. त्यांना नावाचे पैसे द्यायला हरकत नव्हती.

मलाही नसती, पण त्या डीलरनं छापील किमतीवर आणखी ५ हजार डॉलर चढवलेला कागद काचेला लावला होता. जावयानं तो वाचला, किल्ली परत दिली आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा ती पांढरी गाडी तिथेच उभी होती. काचेवरचा कागद तेवढा निघाला होता.