बुर्ज अल अरब : शिडाची इमारत आणि सोन्याचा वर्ख

दुबईतील बुर्ज अल अरब हे हॉटेल डिसेंबर १९९९ मध्ये उघडले. तेव्हापासून त्याच्याविषयी बोलताना ‘सप्ततारांकित’ हे विशेषण हमखास वापरले जाते, त्यामुळे ते आधी बाजूला ठेवलेले बरे. हॉटेलांच्या अधिकृत प्रतवारीत पंचतारांकितच्या वर जागा नाही आणि खुद्द बुर्जचा दर्जाही पंचतारांकित डिलक्स असाच आहे. उद्घाटनाच्या सुमारास पाहुणी म्हणून आलेल्या एका ब्रिटिश पत्रकार महिलेने कौतुकाच्या भरात हा शब्द वापरल्याचे सांगतात. व्यवस्थापनाने तो आपल्या जाहिरातीत घेतला नसला, तरी तो पुसला जावा म्हणून फार खटाटोप केल्याचेही दिसत नाही. परीक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ही इमारत राहण्यासाठी बांधली गेली की दुरून पाहण्यासाठी, आणि या दोन हेतूंचे आपसात कितपत जमले आहे?

बाह्यरूपाबद्दल माझ्या मनात शंका नाही. ॲटकिन्स या ब्रिटिश सल्लागार संस्थेतील वास्तुविशारद टॉम राइट यांना दुबईची ओळख ठरेल अशी वास्तू हवी होती, आणि वाऱ्याने फुगलेल्या शिडाचा त्यांनी निवडलेला आकार लहान मूलही दोन-तीन रेघांत काढू शकते. त्याहून शहाणपणाचा निर्णय जागेचा होता. एवढी उंच इमारत किनाऱ्यावरच उभी केली असती, तर दुपारनंतर तिची सावली त्याच वाळूवर पडली असती, जिच्यासाठी पाहुणे तेथे येतात. म्हणून जुमेरा किनाऱ्यापासून सुमारे २८० मीटर आत समुद्रात भराव घालून बेट तयार करण्यात आले आणि एका वळणदार पुलाने ते जमिनीला जोडण्यात आले. बेट पाण्यापासून फार उंच नाही, कारण शीड पाण्यातूनच वर आल्यासारखे दिसावे असा राइट यांचा आग्रह होता. पण ठेंगण्या बेटावर लाटा चढून येणार हे उघड होते. तो प्रश्न बेटाच्या कडेला बसवलेल्या पोकळ, जाळीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांनी सोडवला. लाट त्यांच्या पोकळ्यांत शिरते आणि आतल्या आत तिचा जोर जिरतो.

पायाची गोष्ट याहून विलक्षण आहे. खाली टेकायला सोयीचा खडक नसल्यामुळे सुमारे २३० काँक्रीटचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, प्रत्येकी ४० मीटर खोल वाळूत उतरवले आहेत, आणि ३२१ मीटर उंचीचा सगळा डोलारा या पाइलांची बाजू व वाळू यांच्यातील घर्षणावर तोललेला आहे. दोन्ही बाजूंना दिसणारा पोलादी सांगाडाही शोभेचा नाही. त्यातील प्रत्येकी ८५ मीटर लांबीच्या तिरप्या कैच्या वाऱ्याचा आडवा जोर पेलतात. उन्हाने हे पोलाद दिवसभरात इतके प्रसरण आणि आकुंचन पावत असे, की जोडणीची भोके जुळवून घेण्याची वेगळी सोय अभियंत्यांना करावी लागली. वारा इमारतीच्या कडांवरून सुटताना जे भोवरे तयार होतात, त्यांनी सांगाडा लयीत हलू लागू नये म्हणून त्यात ठिकठिकाणी वजनांचे शामक टांगलेले आहेत. हे पाहुण्याला कधी दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरोबर आहे, मात्र वादळी रात्री त्याला लागणारी शांत झोप ही या हॉटेलातील पहिली सुविधा म्हणायला हवी.

खोल्यांचे दोन पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे समुद्राकडील डोलकाठीपाशी, म्हणजे शिडाच्या काठीसारख्या दिसणाऱ्या उभ्या कण्यापाशी, एकत्र येतात. किनाऱ्याकडे उरलेली मोकळी बाजू टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या दुहेरी कापडाने बंद केली आहे. मला ही कापडी भिंत संपूर्ण इमारतीतील सर्वोत्तम कल्पना वाटते. दुबईच्या उन्हात एवढी मोठी काचेची भिंत उभी केली असती तर आतल्या अवकाशाची भट्टी झाली असती. कापड मात्र ऊन गाळून घेते, आत दुधाळ आणि बिनसावलीचा प्रकाश सोडते, आणि त्याच्या गुळगुळीत लेपावर धूळ सहजी धरत नाही. रात्री हीच भिंत रंगीत प्रकाशझोतांचा पडदा बनते. तिच्यामागे सुमारे १८० मीटर उंचीचे ॲट्रियम, म्हणजे अनेक मजले उंच मोकळे दालन, आहे. त्याच्या आकारमानाची कल्पना एका तपशिलावरून यावी : वातानुकूलन पहिल्यांदा सुरू करताना तापमान एकदम उतरवले असते तर दमट हवेतील बाष्प आतच साचून पाणी झाले असते, म्हणून ते कित्येक आठवडे थोडेथोडे उतरवावे लागले.

आणि मग आपण आत पाऊल टाकतो. बाहेर पांढऱ्या रंगाचा एवढा संयम दाखवणाऱ्या इमारतीने आत येताच सगळा संयम सोडलेला आहे. अंतर्गत सजावट खुआन च्यू यांची आहे. निळ्या-हिरव्यापासून सोनेरीपर्यंत चढत जाणारे सज्जांचे रंग, सरकत्या जिन्यांच्या दोन्ही बाजूंना मत्स्यालये, त्यांच्या मधोमध तालावर उसळणारी कारंजी, इटलीचा स्टॅच्युअरियो संगमरवर आणि सुमारे १,७९० चौरस मीटर पृष्ठभागावर चढवलेला २४ कॅरेट सोन्याचा वर्ख, असा हा सगळा थाट आहे. तिजोरीतले सारे दागिने एकाच दिवशी अंगावर चढवलेल्या नवरीसारखा हा प्रवेशकक्ष दिसतो, आणि तिच्याप्रमाणेच त्याचाही मूळचा चेहरा शोधावा लागतो. कारागिरी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या ॲट्रियमला नुसत्या प्रकाशाने भारून टाकता आले असते, तेथे नजरेला क्षणभर टेकायला रिकामी जागा मिळत नाही. वैभव दिसलेच पाहिजे, अशी मालकाची अपेक्षा असेल तर सजावटकाराने ती पुरेपूर पाळली, एवढे मात्र मान्य करावे लागते.

खोल्यांकडे वळताना एक आकडा आधी सांगायला हवा. उंच इमारतींचा अभ्यास करणाऱ्या ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटाट’ या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या मोजणीनुसार बुर्जच्या एकूण उंचीपैकी सुमारे ३९ टक्के भाग माणसांच्या वापरात येतच नाही. वापरातील शेवटच्या मजल्याच्या वरचे जवळपास १२४ मीटर निव्वळ आकारासाठी आहेत. एवढ्या उंचीत मूळच्या आराखड्यानुसार केवळ २०२ स्वीट होते. हिशेबाच्या वहीत हा उधळेपणा ठरेल, आणि हॉटेल म्हणून ही इमारत कधी काटकसरीची नव्हतीच. तरीही याच उधळेपणातून येथील सर्वांत खरी चैन निर्माण झाली आहे, ती म्हणजे जागा. येथे साधी खोली हा प्रकारच नाही. प्रत्येक स्वीट दोन मजली असून आत जिना आहे. सर्वांत लहान स्वीटही सुमारे १७० चौरस मीटरचा आहे आणि २५व्या मजल्यावरील रॉयल स्वीट ७८० चौरस मीटरचा. गालिचे, मखमल आणि सोनेरी नळ यांच्या अभिरुचीशी आपले जमो वा न जमो, उंच छत आणि त्याच उंचीची खिडकी यांना तोड नाही.

सेवेच्या रचनेतही वास्तूचा वाटा आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र स्वागतकक्ष आहे आणि बटलरांची सेवा चोवीस तास उपलब्ध असते. एका मजल्यावर मोजकेच स्वीट असल्यामुळे कर्मचाऱ्याला पाहुणा नावानिशी लक्षात ठेवणे शक्य होते. हीच माणसे शेकडो खोल्यांच्या एखाद्या लांबलचक मार्गिकेत नेमली असती, तर एवढ्या आपुलकीची अपेक्षा करता आली नसती. रोल्स-रॉइसचा ताफा आणि सुमारे २१० मीटर उंचीवरचे हेलिपॅड यांचे मोल मला त्या मानाने कमी वाटते. हेलिपॅडने प्रवासापेक्षा प्रसिद्धीच जास्त मिळवून दिली आहे : २००५ मध्ये तेथे आंद्रे अगासी आणि रॉजर फेडरर टेनिस खेळले, तर २०२३ मध्ये एका वैमानिकाने तेथे चक्क छोटे विमान उतरवले.

उपाहारगृहांपैकी दोनच वास्तूच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी आहेत. ‘अल मुंतहा’ समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर डोलकाठीतून कॅन्टिलीव्हरने, म्हणजे खालून खांबांचा आधार न देता, बाहेर काढलेले आहे, आणि तेथे बसल्यावर किनाऱ्याची रेषा जितकी लांबवर दिसते तितकी हॉटेलात अन्यत्र दिसत नसेल. तळाशी असलेले ‘अल माहारा’ सुमारे १० लाख लिटर पाण्याच्या मत्स्यालयाभोवती रचले असून, पाण्याचा दाब सोसण्यासाठी त्याची ॲक्रिलिकची भिंत १८ सेंटीमीटर जाड ठेवलेली आहे. सुरुवातीच्या काळात येथे पाणबुडीच्या खोट्या सफरीतून नेण्याचा खेळ होता. तो बंद झाला हे योग्यच झाले.

मूळ आराखड्यातील खरी उणीव वेगळीच होती. चहूबाजूंनी समुद्र असूनही पाहुण्याला तो काचेआडूनच भेटत असे. १८व्या मजल्यावरील स्पाचे तलाव बंदिस्त होते आणि पोहण्याजोगा किनारा पुलापलीकडे होता. ती उणीव २०१६ मध्ये भरून निघाली. समुद्रात सुमारे १०० मीटर पुढे जाणारी, १०,००० चौरस मीटरची गच्ची फिनलंडमध्ये भागाभागांत तयार करून समुद्रमार्गे आणली गेली आणि बेटाला जोडली गेली. तिच्यावर गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे वेगवेगळे तलाव, कृत्रिम वाळूकिनारा आणि विश्रांतीच्या खोल्या आहेत. हे काम बाहेर करून आणल्यामुळे राहत्या पाहुण्यांना बांधकामाचा त्रास बराच कमी झाला. माझ्या मते सुविधांच्या बाबतीत या हॉटेलाने उद्घाटनानंतर केलेली ही सर्वांत अर्थपूर्ण भर आहे, आणि तिच्यात सोन्याचा वर्ख जवळजवळ नाही.

मुक्काम सर्वांच्या आवाक्यातला नाही, आणि केवळ स्थापत्यात रस असलेल्याने त्यासाठी एवढा खर्च करावा असे मी म्हणणार नाही. २०२१ पासून मार्गदर्शकासह अंतर्भाग पाहण्याची सशुल्क सोय सुरू झाली. तिच्यात ॲट्रियम आणि रॉयल स्वीट पाहायला मिळत असल्याने सजावटीबद्दलचे मत स्वतःच बनवता येते. राहायचेच असेल, तर शक्य तितक्या वरच्या मजल्यावरचा स्वीट मागावा आणि दिवसाचा मोठा भाग गच्चीवर घालवावा. शीड म्हणून या इमारतीकडे पाहायचे असेल, तर शेजारच्या उम्म सुकेमच्या सार्वजनिक किनाऱ्यावर त्यासाठी एक दिरहमही लागत नाही.