बोजोले नुव्हो घ्यावी की मोरगाँ?

दोन्ही वाइन फ्रान्सच्या बोजोले भागातल्या, द्राक्षही एकच: गामे. फरक आहे तो घाईचा.

नुव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, म्हणजे तोडणीनंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत. अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडखाली ठेवतात, त्यामुळे आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. रंग आणि फळाचा स्वाद वाइनमध्ये उतरतो, सालीतलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) मात्र फारसं नाही. ग्लास नाकाशी नेला की पिकलेलं केळं, रासबेरी, लिमलेटच्या गोळीचा वास येतो. १२-१३ अंशांवर गार करून प्यावी. कोमट झाली की नुसती आंबट आणि पातळ लागते. टॅनिन कमी, म्हणून टिकतही नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपवावी. सवलतीत मिळणारी गेल्या वर्षीची बाटली घेऊच नका.

मोरगाँ हे बोजोलेतल्या १० 'क्रू'पैकी, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या खास दर्जाच्या भागांपैकी एक. क्रूच्या नावाने नुव्हो विकताच येत नाही. चांगली मोरगाँ ५ ते १० वर्षं सहज मुरते, १५ अंशांच्या आसपास खुलते.

चार जणांत लगेच उघडायची असेल तर ताजी नुव्हो जरूर घ्या. पण तिची किंमत मोरगाँच्या जवळ जात असेल, तर आम्ही डोळे झाकून मोरगाँच घेऊ.