सहा इंची डोम : लाटेच्या पोटातला समुद्र दाखवतो, फक्त फेसात नेऊ नका

कोल्हापूरकराच्या मोबाइलमध्ये समुद्र नेहमी पाठीमागे असतो. पुढे आपण आणि शहाळं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर चढवायचा ६ इंची डोम, म्हणजे घुमटासारख्या गोल काचेचं पाणीबंद कवच, ही सवय मोडतो. फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात सिंधुदुर्गाचा तट, खालच्या अर्ध्यात खडक आणि त्यावरून सुळकन जाणारे मासे. मालवणला जाणाऱ्याने घ्यावा असाच आहे, पण त्याचे नखरे समजून घेऊन.

गोप्रो हिरो ९ ते १२ या चारही मॉडेलची बॉडी एकाच मापाची, त्यामुळे एकच डोम सगळ्यांना बसतो. उघड्या कॅमेऱ्याची काच जेमतेम दोन बोटांची. साधी लहरही ती पूर्ण झाकते आणि फोटो एकतर सगळा वरचा येतो, नाहीतर सगळा खालचा. डोम १५ सेंटीमीटर रुंद, म्हणून पाण्याची रेषा मधोमध धरता येते. शिवाय सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि दृश्य आवळतं. गोल काचेत ते होत नाही.

पाण्यात उतरण्याआधी रिकामा डोम, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत २० मिनिटं दाबून ठेवा. टिश्यू ओला निघाला तर दोष बहुधा पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगचा. वाळूचा एक कण किंवा केस पुरतो. रिंगला सोबत आलेलं ग्रीसच लावा. व्हॅसलिन, खोबरेल तेल नको, रबर फुगतं. सराव विहिरीत किंवा स्विमिंग टँकमध्ये करा. रंकाळ्याच्या हिरवट पाण्यात खालची बाजू दिसणारच नाही.

आतून धुकं धरणं ही सगळ्यांची तक्रार. कॅमेरा तापतो, डोम गार पाण्यात असतो आणि कोंडलेल्या दमट हवेचं पाणी काचेवर धरतं. किनाऱ्यावर डोम बंद केला की हे ठरलेलंच. गाडीत एसी चालू असतानाच बंद करा, आत ओलावा शोषणारी पट्टी टाका. बाहेरच्या थेंबांवर उपाय किळसवाणा, पण नामी: थुंकी चोळायची, डोम एकदा बुडवायचा आणि वर काढताच दोन-तीन सेकंदांत डोमचा खटका (फोटो काढायचा ट्रिगर) ओढायचा. पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा पसरतो.

आयएसओची (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील असावा, त्या सेटिंगची) कमाल मर्यादा ४००, बर्स्ट (एका दाबात लागोपाठ फोटो) १ सेकंदात ३० फोटो. पाण्याखालची बाजू कायम काळोखी येते, म्हणून ११ ते २ची वेळ आणि सूर्य पाठीशी. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीत तिचं गढूळ पाणी बाहेर येतं, म्हणून तिथे भरती चढत असताना जा. मालवणचा काही भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोसाठी प्रवाळावर पाय रोवू नका.

आता खरी उणीव. डोममध्ये अर्ध्या लिटरच्या आसपास हवा असते, म्हणजे जवळपास अर्धा किलोचा जोर सतत वर. कमरेएवढ्या पाण्यात, न फुटलेल्या लाटेसमोर हे चालतं. लाट फुटते तिथे तोच डोम थेट तोंडावर आदळतो आणि अ‍ॅक्रिलिक असल्याने वाळूने ओरखडतो. फुटत्या लाटेचा पोकळ बोगदा टिपायचा असेल तर डोम काढा. उघडा कॅमेरा १० मीटरपर्यंत पाणी सोसतो, मनगटाला दोरी बांधली की पुरे. दोन फेसाळ पट्ट्यांमध्ये शांत, काळसर पाणी दिसलं तर तिकडे फिरकू नका. ती आत ओढणारी धार असते. पावसाळ्यात तर समुद्र किनाऱ्यावरूनच टिपायचा.

परतताना डोम तसाच डिकीत टाकला, तर फोंडा घाट चढेपर्यंत खटक्याच्या स्प्रिंगवर मीठ वाळलेलं असतं. हॉटेलवरच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि बुडालेला असताना खटका २०-२५ वेळा दाबा. स्वस्तातल्या डोमची स्प्रिंग तरीही गंजतेच. घेतानाच जादा स्प्रिंग मिळते का ते विचारा.