‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पोत्यात निघालं एन्रोफ्लॉक्सॅसिन

ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही जे ‘अँटिबायोटिकविना’ म्हणून कोंबडी विकतात त्यांच्यासाठी.

संगमनेरजवळ माझं शेड आहे. पुण्यातला एक खरेदीदार किलोमागे जादा दर द्यायचा, अट एवढीच की खाद्यात-पाण्यात अँटिबायोटिक नको. असा पक्षी सांभाळायला बॅसिलसचं प्रोबायोटिक (पोटातले उपयोगी जंतू), फॉर्मिक-ब्युटिरिकसारखी आम्लं, ओव्यातलं थायमॉल, लसूण असं काही ना काही द्यावं लागतं. ते उपयोगी पडतं, पण सावकाश, आणि शेडमध्ये अंथरलेला तूस कोरडा, पाणी स्वच्छ असेल तरच.

ई-कोलाय जंतूंच्या आजाराने पक्षी पंख पाडून बसले होते, तेव्हा एक एजंट हळदी रंगाची पावडर घेऊन आला. ‘‘दादा, नुसत्या वनस्पती आहेत.’’ खाद्यात मिसळली आणि दोन-तीन दिवसांत मरतूक थांबली. वजनंही छान भरली. ही खूण लक्षात ठेवा. ओवा-हळद आजारी शेड इतक्या झटपट उभं करत नाहीत.

खरेदीदाराने मांस तपासून घेतलं. अहवालात एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, आणि सोबत सिप्रोफ्लॉक्सॅसिन. सिप्रो वेगळं कुणी घातलं नव्हतं. कोंबडीच्या शरीरात एन्रोचंच काही प्रमाणात सिप्रो होतं. सिप्रो म्हणजे माणसांना देतात तेच. कॅम्पिलोबॅक्टर जंतू या गटातल्या औषधांना दाद देईनासे झाले म्हणून अमेरिकेने 2005 साली कोंबड्यांमधला एन्रोचा वापर बंद केला. आपल्याकडे 2019 साली जनावरं-कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देण्यावर बंदी आली, पण पोत्यावर ‘हर्बल’ लिहिलं की आत काय आहे ते कोण बघतं?

माल नाकारला गेला, सौदा तुटला. एक पोतं शिलाईसकट शिल्लक होतं. ते पशुवैद्यांसमोर फोडून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. एन्रोच निघालं. औषध मुळात फिकट पिवळं आणि कडू; हळद-कडुलिंबात रंगही लपतो, चवही.

मला जास्त संताप याचा आहे की उघडपणे औषध दिलं असतं, तर विक्रीआधी ठरलेले दिवस ते बंद ठेवलं असतं. इथे लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या सकाळपर्यंत ते फीडरमध्ये पडत राहिलं.

एजंटने प्रमाणपत्र दाखवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं! त्यात जड धातू तपासले होते, बुरशीचं विष तपासलं होतं. अँटिबायोटिकची तपासणी मात्र त्यात नव्हतीच. तेव्हा प्रमाणपत्रावरचा शिक्का नंतर बघा, आधी काय काय तपासलं ते वाचा. त्यावरचा बॅच नंबर पोत्यावरच्या नंबराशी जुळवा. घटक ‘निवडक वनौषधी’ असे मोघम लिहिलेले असतील, तर किती ग्रॅम काय ते लेखी मागा. पक्कं बिल घ्या. माझ्याकडे ते आहे म्हणूनच तक्रार नोंदवता आली. आणि नमुना एजंटच्या हातून नको, न फोडलेल्या पोत्यातून आपणच काढायचा. तपासणीला पैसे लागतात, पण नाकारलेल्या बॅचपुढे ते काहीच नाहीत.

एजंटला फोन केला तर म्हणतो, ‘‘पक्षी वाचले ना? मग तक्रार कसली?’’ त्यानंतर नंबर बंद. शेजारच्या तालुक्यात तशीच पिवळी पावडर दुसऱ्या नावाने फिरतेय असं ऐकतो; कुणाकडे आली असेल तर खाद्यात मिसळण्याआधी तपासून घ्या.