गळका एक एल्बो, बिल अख्ख्या लाइनचं

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी भागातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. नौपाड्यातल्या एका घरात बाथरूमचा जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, रात्री गळू लागला. घाबरून मोबाइलवर सापडला तो प्लंबर बोलावला.

त्याने पाणी बंद न करताच गळक्या एल्बोला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाला, एकच पाना लावून जोर दिला. जुना पाइप आट्यांपाशीच सर्वांत कमकुवत असतो. आटे पाडताना तिथली जाडी कमी होते, जस्ताचा थर जातो आणि गंज धरतो. दुसऱ्या पान्याने पाइप धरला नाही, तर पीळ पुढच्या जोडावर जातो. इथेही पुढचा जोड चिरला. "बघा, अख्खी लाइन गेलीय," म्हणत त्याने ॲडव्हान्स घेतला आणि लाइन बदलली.

बिलात 'सी क्लास' लिहिलं होतं, पाइपवर मात्र पिवळा पट्टा, म्हणजे सर्वांत हलका ए क्लास. निळा पट्टा बी, लाल पट्टा सर्वांत जाड सी. एल्बो, टी, निपल हे जोडाचे सुटे भाग फुटाच्या दरात धरूनही पुन्हा वेगळे लावले. 'पितळी' व्हॉल्व्ह कानशीने जरा घासला तर आतून पांढरट निघाला; खरं पितळ आतूनही पिवळंच असतं.

पाणी थांबलं असतं तर सकाळपर्यंत विचार करता आला असता. म्हणून घरची मेन चावी आजच फिरवून बघा. जुन्या गेट व्हॉल्व्हचं चाक कधीकधी नुसतंच गोल फिरतं, आतली झडप तुटलेली असते. घट्ट असेल तर जोर करू नका. मग गच्चीवरच्या टाकीखाली आपल्या डाऊनटेकची, म्हणजे टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपची, चावी बंद करायची, त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांना सांगून. कोणती चावी कोणत्या फ्लॅटची, हे सोसायटीने रंगाने लिहून ठेवायलाच हवं. गिझर बंद करा, खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. सरळ पाइपला बारीक भोक असेल तर रबराची पट्टी आणि क्लॅम्पवर रात्र निघते. आट्यांपाशी मात्र क्लॅम्प टिकत नाही.

चाळीस वर्षांची लाइन कधीकधी खरंच बदलावी लागते. कापलेला तुकडा हातात मागा: आतलं भोक गंजाने बुजत आलं असेल तर प्लंबर खरं बोलतोय. दर ठरवताना क्लास, मापं आणि फुटाच्या दरात काय काय धरलंय ते लिहून घ्या. गेट व्हॉल्व्हच्या जागी पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. भिंत बुजवण्याआधी टेपने लांबी मोजा आणि पट्ट्याचा फोटो काढा, प्लास्टरनंतर काहीच दिसत नाही.